केशरबाईच्या हाताचा दट्ट्या

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडसमोर चहाची हॉटेलं बरीच होती, पण कॉफीचं यंत्र फक्त यादोराव गभण्यांकडे होतं. पंचाहत्तर सालच्या सुमारास नागपुरातलं एक जुनं हॉटेल बंद पडलं आणि त्याचं सामान विकायला निघालं. यादोराव खुर्च्या घ्यायला म्हणून गेले आणि यंत्र घेऊन आले. ट्रकमधून ते उतरवताना स्टँडवरचे हमालसुद्धा बघत उभे राहिले. उभी चकचकीत टाकी, तिच्या अंगावर दोन काटे आणि समोर हातभर लांब दांडा. आगगाडीचं इंजिन उभं करून ठेवावं तसं ते दिसे.

त्याचं काम तसं सोपं होतं. मूठ असलेल्या एका वाटीच्या बुडाला बारीक जाळी होती. त्या वाटीत कॉफीची पूड भरायची, ती घट्ट दाबायची, वाटी यंत्राच्या तोंडाला अडकवायची आणि दांडा ओढायचा. टाकीतलं कढत पाणी पुडीतून जोरात निघे आणि खालच्या कपात काळीभोर कॉफी उतरे, वर तांबूस फेस धरून. मग ज्याला हवं त्याला वाफेवर तापवलेलं दूध. पण सगळी मेख दाबण्यात होती. पूड एका अंगाला जरी सैल राहिली तरी पाणी तिथूनच पळे आणि कपात पडे ते मळकट, आंबूस पाणी.

दाबायचं हत्यार मात्र त्या सामानात नव्हतं. नागपूरच्या मॅनेजरने त्याचं नाव टॅम्पर सांगितलं होतं. भंडाऱ्यात आल्यावर सगळे त्याला दट्ट्या म्हणायला लागले. यादोराव वाटी घेऊन सोमाजीकडे गेले. सोमाजी पितळेची भांडी ओतायचा, घासायचा. गावातल्या कितीतरी घरांतल्या घागरी त्याच्या हातच्या होत्या. खाली वाटीत बसेल असं सपाट बूड आणि वर धरायला मूठ, एवढंच करायचं होतं. मूठ कोणाच्या हाताची करू, असं सोमाजीने विचारलं तेव्हा यादोरावांनी आपला पंजा पुढे केला. पंजा कुस्तीगिराचा होता. तरुणपणी सानगडीच्या आखाड्यात त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या.

मूठ झाली भली मोठी, नारळासारखी गोल आणि वजनदार. पण बूड जरा लहान पडलं. वाटीत ठेवलं की कडेला फट राहायची. सोमाजी म्हणाला, माझ्याकडचा साचा लहान होता, पुढल्या आठवड्यात दुसरं ओतून देतो. पण दसरा तोंडावर आला होता आणि यादोरावांना दसऱ्याला उद्घाटन करायचं होतं. दट्ट्या उन्हात सोन्यासारखा चमकत होता.

"चालते," यादोराव म्हणाले. "इतकं कोन पाहाले बसते?"

पहिले काही महिने ते स्वतःच यंत्राशी उभे राहिले. बाह्या वर सारून दट्ट्या असा काही दाबत की कोर्टातले वकील कप हातात घेऊन बघत राहत. त्यांच्या अंगात जोर होता. कडेची फट त्या जोरात लपून जाई. कधी कॉफी बिघडली तरी नवेपणाच्या कौतुकात कोणी बोलत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी बहीण केशर एक ट्रंक घेऊन भंडाऱ्यात आली. तिचा नवरा भिलाईकडे कामाला गेला होता आणि तिकडेच त्याने दुसरं घर मांडलं होतं. तिने रडून गोंधळ घातला नाही. वहिनीला, म्हणजे ललिताबाईंना, एवढंच म्हणाली की मी बसून खाणार नाही. यादोरावांनी तिला हॉटेलात आणलं. आधी कपबश्या, मग दूध, मग एका दुपारी ते कामानिमित्त बाहेर गेले असताना तिने पहिल्यांदा वाटी भरली.

तिच्या हाताला ते काम लागलं. कोणी शिकवलं नव्हतं, पण पूड किती भरायची, दांडा कधी ओढायचा आणि कधी सोडायचा, हे तिला कळायला लागलं. कडेची फट तिने लगेच हेरली. त्यावर तिने उपाय काढला तो असा : आधी सरळ दाबायचं, मग दट्ट्या वाटीच्या काठाकाठाने फिरवत मनगट पिळायचं, म्हणजे कडेची पूडही बसते. प्रत्येक कपाला असं. तिचा हात लहान होता, ती नारळाएवढी मूठ तिच्या पंजात मावतच नसे. अंगठा ताणून, बोटं फाकवून ती कशीबशी धरी. पण कॉफी अशी उतरे की गावाबाहेरच्या सरकारी कारखान्यातले दक्षिणेकडचे बाबू सुट्टीच्या दिवशी बस धरून भंडाऱ्याला येऊ लागले. ते कॉफी म्हणत नसत, "अम्मा, एक" असं म्हणत. केशरला त्याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं. सासरी तिला कोणी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती. आता स्टँडवरचा कंडक्टरही केशरबाई म्हणत होता.

यादोराव गल्ल्यावर बसायला लागले. हॉटेल चांगलं चाललं. पाटीवर चहाचं नाव खाली गेलं आणि कॉफीचं वर आलं.

दोनेक वर्षांनी एकदा सकाळच्या गर्दीत केशरने दट्ट्या खाली ठेवला आणि गल्ल्याकडे बघून म्हणाली, "दादा, हे मूठ मले मोठी होते. हात दुखून राहिला. सोमाजीले सांगून बारीक करून आन ना."

टेबलाला ओळखीचे लोक होते. यादोरावांच्या समोर कोणीतरी नोट मोडायला उभं होतं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "वाकून वाकून धान रोवाले हात चालते, न् चिमटीभर पूड दाबाले दुखते काय तुहा हात?"

लोक हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं. सकाळच्या चहाला माणसं हसतात तशीच हसली. केशरही थोडं हसली. तिने दट्ट्या उचलला आणि पुढची वाटी दाबली. त्यानंतर ती हाताबद्दल कधी बोलली नाही आणि यादोराव ते विसरून गेले.

मध्ये चारेक वर्षं गेली. केशरच्या उजव्या मनगटावर जुन्या लुगड्याची एक पट्टी बांधलेली असे, हळद लावून पिवळी झालेली. यादोराव ती रोज बघत. इतकी रोज बघत की ती त्यांना बांगड्यांसारखीच वाटायला लागली होती.

ब्याऐंशी सालच्या राखीपौर्णिमेला हॉटेल दुपारपर्यंत बंद ठेवलं होतं. यादोराव पाटावर बसले. केशरने ओवाळलं, राखी त्यांच्या मनगटावर ठेवली आणि गाठ मारायला गेली. दोरा बोटांतून सुटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा सुटला. उजवा अंगठा दोऱ्यावर टेकत होता, पण धरत नव्हता. मग ती खाली वाकून दोऱ्याचं एक टोक दातात धरायला लागली. तेवढ्यात ललिताबाई पुढे आल्या आणि त्यांनी गाठ मारून दिली. जणू ही त्यांची रोजचीच रीत होती.

"काय झालं हाताले?" यादोरावांनी विचारलं.

केशर ताट घेऊन आत गेली. ललिताबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"तुमाले आज दिसलं," त्या म्हणाल्या. "तिची वेणी मीच घालतो. लुगडंही मीच पिळतो. घागर तं तिनं कधीची सोडली."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तिनं सांगतलं होतं. हॉटेलात. चार लोकाच्या समोर."

यादोरावांना ती सकाळ लगेच आठवली नाही. ते दुपारी गल्ल्यावर जाऊन बसले, केशर नेहमीसारखी यंत्रापाशी उभी राहिली आणि पहिल्याच कपाला तिने मनगट पिळलं. त्यांनी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. तिचे ओठ आत ओढले गेले आणि पुन्हा सुटले. पुढच्या कपाला तसंच. त्याच्या पुढच्याही. आणि मग त्यांना आपले शब्द आठवले, हसणारे लोकही आठवले. सोमाजीला 'चालते' म्हटलेलंही आठवलं. त्या दिवशी हिशेबात ते सारखे चुकत होते आणि गिऱ्हाइकांनाच ते दुरुस्त करावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ते तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता. त्याने अंगठा मुडपायला लावून मनगट खाली वाकवलं तेव्हा केशरच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठ्याच्या मुळाशी जी शीर असते ती सुजून जाड झाली आहे, असं त्याने सांगितलं. हे एका दिवसाचं नव्हे. पुन्हा पुन्हा हात पिळून होतं. त्याने विचारलं, काम काय करता?

"घरचं," केशर म्हणाली. "धुनं-भांडे."

यादोराव शेजारीच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टरने तेल आणि गोळ्या लिहून दिल्या, धुणं कमी करा म्हणाला, आणि ती दोघं बाहेर पडली. रस्त्यात केशर पावसापाण्याचं बोलत होती. यादोरावांना वाटत होतं की आत्ता तिने आपल्याला झाकलं, आणि आपण झाकून घेतलं. हॉटेलच्या दारापर्यंत ते आले, तिला आत सोडलं आणि पायऱ्यांवरून तसेच परत फिरले. दवाखान्यात डॉक्टरच्या दारात उभे राहून त्यांनी सांगितलं की बहीण खोटं बोलली, ती माझ्या हॉटेलात कॉफी करते, आणि हत्यार मी आणलेलं आहे. डॉक्टरने वर पाहिलं. रागावेल असं यादोरावांना वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त केसपेपरवर आधी लिहिलेल्या ‘घरकाम’ या शब्दावर काट मारली आणि म्हणाला, मग ते काम त्या हाताने पूर्ण बंद. मनगट पुन्हा पहिल्यासारखं होईल असं मी सांगत नाही.

यादोरावांनी प्रायश्चित्त आपल्या मनाने ठरवलं. केशरने आता घरी बसायचं. यंत्रावर त्यांनी तुलारामला ठेवलं. तुलाराम साकोलीकडचा गडी होता, धडधाकट, शब्दाचा पक्का. दट्ट्याही त्याच्या हाताला बरोबर बसे. केशरसाठी त्यांनी नवी सतरंजी आणली, रेडिओ आणला. तिला कामाला हात लावू द्यायचा नाही, अशी ललिताबाईंना ताकीद दिली. सकाळी हॉटेलात जाताना ते तिच्या दाराशी थांबत आणि विचारत, बरं हाये ना? ती बरं म्हणे.

ती बरी नव्हती. ललिताबाई सांगत की ती जेवत नाही, रेडिओ लावते आणि ऐकत नाही. कारखान्यातले बाबू एक-दोनदा आले, अम्मा कुठे म्हणून विचारून गेले. तुलारामची कॉफी कधी जमे, कधी न जमे. यादोरावांना हॉटेलचं काही वाटत नव्हतं. उलट तोटा झाला की त्यांना आत कुठेतरी हलकं वाटे, आपण काहीतरी भोगतो आहोत असं.

दिवाळीनंतर एका सकाळी ते नेहमीसारखे दाराशी थांबले. केशर उंबऱ्यातच बसली होती.

"बरं हाये ना?"

"दादा, मी काय केलं?" ती म्हणाली.

त्यांना कळलं नाही.

"हात गेला तं गेला. आता कामही घेऊन टाकलं तू. माह्यापाशी दुसरं काय होतं?"

ते म्हणाले की तुझ्याचसाठी केलं, तुला आराम पडावा म्हणून. तिने मान हलवली.

"तवाही मले इचारलं नाही, आताही नाही इचारलं."

यादोराव तिथेच ओट्यावर बसले. हॉटेलात तुलाराम वाट बघत असेल हे त्यांच्या लक्षात होतं, पण त्यांच्याने उठवलं नाही. आपल्या चुकीची लाज झाकायला आपण तिला घरात बसवलं होतं. यंत्रापाशी ती दिसली नाही म्हणजे तो पिळलेला हातही दिसणार नव्हता. हे त्यांना तेव्हा, त्या ओट्यावर कळलं. मग त्यांनी विचारलं, "मंग तुले काय पायजे?"

"डाव्या हातानं करून पाहीन," ती म्हणाली. "पन तो दट्ट्या नको."

त्याच आठवड्यात ती दोघं वाटी घेऊन सोमाजीकडे गेली. सोमाजीचे केस आता पांढरे झाले होते. यादोरावांनी त्याला बूड वाटीत बरोबर बसेल असं करायला सांगितलं; फट नको, पण अडकायलाही नको. तो म्हणाला, मी तेव्हाच म्हटलं होतं दुसरं ओतून देतो. यादोराव म्हणाले, हो, तू म्हटलं होतं. सोमाजीने ओतलं, कानशीने घासलं, वाटीत घालून पाहिलं, पुन्हा घासलं. शेवटी बूड वाटीत असं उतरलं की आतली हवा हळूच सुस्कारा टाकल्यासारखी निघाली. कडेला नख शिरत नव्हतं आणि उचलताना ते अडतही नव्हतं. केशरने ते दोन-तीनदा घालून काढून पाहिलं. आता मनगट पिळायची गरज नव्हती. सरळ दाबलं की झालं.

मूठ लाकडाची हवी, असं तिचंच म्हणणं होतं. पितळ घामाने निसटतं. इश्वर नावाचा खरादी जवळच होता, खाटांचे पाय आणि पोळपाट-लाटणी कातायचा. यादोरावांनी येताना केशरची एक बांगडी खिशात घातली होती, मापाला. इश्वर हसला. बांगडीवरून मनगट कळते, मूठ नाही कळत, तो म्हणाला. बाईलेच धरू द्या.

त्याच्याकडे कातलेल्या लाकडांचा ढीग होता. केशर खाली बसली आणि डाव्या हातात एकेक घेऊन बघू लागली. भोवऱ्यासारखी एक मूठ तळव्यात टोचली. एक लांबट होती, तिच्यावर जोर देताना मनगट मोडत होतं. एक फार बारीक, ती धरायला बोटं आवळावी लागत होती आणि बोटांना लगेच रग लागली. यादोराव शेजारी उभे होते. त्यांची नजर लाखेचा लाल रंग दिलेल्या, झोकदार मुठीवर गेली. ती यंत्राशी शोभून दिसली असती. त्यांचा हात तिच्याकडे गेलाही, आणि त्यांनी तो मागे घेतला.

केशरने शेवटी एक बुटकी मूठ उचलली. आंबागडकडच्या सागाची, वर घुमटासारखी आणि कमरेत थोडी बारीक. तळवा तिच्यावर नुसता टेकत होता, अंगठा आणि पहिलं बोट खाली पितळेच्या काठापर्यंत पोचत होतं, म्हणजे बूड तिरकं गेलं तर बोटांनाच कळणार होतं. ती उभी राहिली, कोपर वर आणि मनगट सरळ ठेवून तिने इश्वरच्या फळीवर अंगाच्या भाराने दाबून पाहिलं. मग म्हणाली, कमरेत अजून थोडं काढा. इश्वरने काढलं. अजून थोडं. त्याने पुन्हा काढलं. यादोरावांना वाटलं की खरादी आता कंटाळेल. पण आज कोणी कंटाळलं तरी ते मधे बोलणार नव्हते.

"हं," ती म्हणाली. "हे माह्या हाताचं हाये."

परतताना ती दोघं नदीकडच्या रस्त्याने आली. चालता चालताच, तिच्याकडे न बघता यादोराव म्हणाले, "केशर, तवा लोकाच्या समोर मी जे बोललो ते. मले ते रोज ऐकू येते."

वाटेत एक बैलगाडी आली, ती जाईपर्यंत दोघं कडेला थांबली.

"दुखाचं काही नाही दादा, धान रोवतानीही दुखतच होतं," ती म्हणाली. "लोक हासले, त्याचं लागलं. न् मीही हासली. त्याचं जास्त लागलं."

"मले माफ करशीन काय?"

"मले नाही मालूम," केशर म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. "हाताले इचारा लागन."

डावा हात वळायला हिवाळा सगळा गेला. सुरुवातीला पूड सांडे, दट्ट्या तिरका जाई, कॉफी एका बाजूने धार धरी. गर्दीच्या वेळी तुलाराम दांडा ओढून देई. यादोराव गल्ल्यावरून बघत आणि बिघडलेला कप स्वतः पिऊन टाकत. होळीच्या सुमाराला तिचा हात बसला. कारखान्यातल्या एका बाबूने कप खाली ठेवताना मान डोलावली आणि तिने हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

तिने पुढे चारेक वर्षं त्या यंत्रावर काम केलं. सत्त्याऐंशीत टाकीला चीर गेली, सुटा भाग कुठे मिळेना, आणि हॉटेल पुन्हा चहाचं झालं. उजवा हात सुधारला, पण अर्धाच. कपाचा कान धरता यायचा, भरलेला कप उचलता यायचा नाही. यादोरावांनी त्या दिवशीचा प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. एवढं मात्र होतं की हॉटेलात कोणी गडी, पोरगी, बाई काही म्हणायला लागली, आणि समोर कितीही लोक असले, की ते हातातली नोट खाली ठेवत आणि मान वर करत. केशरच्या ते लक्षात येई.